बघणाऱ्यांना बघणारे सर

आमचे सर नाटक बसवायचे, पण नाटक बघायचे नाहीत. तालमीला ते भिंतीकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून बसत. प्रयोगाच्या वेळी स्टेजच्या खाली, पहिल्या रांगेच्या पुढ्यात स्टूल टाकत आणि लोकांकडे तोंड करून बसत. नवीन माणसाला वाटे, हे बंदोबस्ताला आलेत. कुणी विचारलंच तर म्हणत, "नाटक तिथं मागं होत न्हाई. इथं पुढं होतंय. तेच बघायलोय."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. आता पूर्ण कळलंय असंही मी ठामपणे म्हणणार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नाटकाबद्दल आपण काही लिहावं म्हणजे मला अजून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. पण सरांची आठवण निघाली की मला गप्प बसवत नाही, म्हणून जमेल तसं लिहिते.

कर्नाटकाच्या सीमेवर कमलनगरला आमचं कॉलेज, तिथे ते अर्थशास्त्र शिकवत. अतिथी व्याख्याते, म्हणजे दरवर्षी नव्याने नेमणूक, पुढच्या वर्षी असतील की नाही हे त्यांनाही माहीत नसे. बिदरहून सकाळच्या रेल्वेनं यायचे. घरची भाषा कन्नड, आमच्याशी मराठी, चहावाल्याशी दखनी उर्दू, आणि चिडले की तिन्ही. मुलींना ते 'तंगी' म्हणत, कन्नडमध्ये धाकटी बहीण. तालमीत कुणी खोटं काही केलं की भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणायचे, "साकु." म्हणजे पुरे. त्यात राग नसायचा. जेवताना वाढणाऱ्याच्या हातापुढे हात धरून आपण पुरे म्हणतो ना, तसं.

न बघता यांना कळतं कसं, हे आमचं कोडं होतं. एकदा एका मुलाला दार उघडून आत यायचं होतं आणि आत बसलेल्या सावकाराला बघून दचकायचं होतं. तो आला, दचकला, आम्हाला तर छान वाटलं. सर म्हणाले, "साकु." मुलगा वैतागला. तुम्ही बघितलंच नाही सर, मी चांगला दचकलो होतो, म्हणाला. सर म्हणाले, "दार उघडायच्या आधीच तुझं पाऊल भ्यालेलं होतं. आत कोन बसलाय ते तुला बाहेरच माहीत होतं." मग त्यांनी त्या मुलाला सांगितलं, सावकार विसर, बाहेर चिखल आहे, तो चपलेचा चिखल काढत ये. त्याने तसं केलं. चिखल काढता काढता मान वर केली आणि सावकार दिसला. आम्ही सगळेच दचकलो. सर भिंतीकडे बघत मान हलवत होते.

वर्गातही त्यांचं हेच चाले. एकदा मागणी-पुरवठा शिकवता शिकवता ते खिसे चाचपायला लागले. टेबलाचा खण उघडला, खिडकीची फळी बघितली, पुन्हा खिसा. चष्मा सापडेना. आम्ही उठलोच. कुणी बाकाखाली वाकलं, कुणी व्हरांड्यात बघून आलं. सगळा वर्ग गुडघ्यांवर आल्यावर ते म्हणाले, "बसा. कामून उठलाव?" चष्मा हरवला म्हणून, आम्ही म्हटलं. "मी कुठं म्हणलो हरवला म्हणून? मी तर एक शब्द बोललो न्हाई."

झालं होतं असं की वर्गात यायच्या आधी त्यांनी शिपाईकाकांना चष्मा दिला होता आणि तो लपवून ठेवायला सांगितलं होतं. कुठे ते सरांनाही सांगायचं नव्हतं. "मी शोधायचं सोंग केलो असतो तर तुम्ही बसून हसला असताव. मी खरंच शोधायलो होतो." आम्ही टाळ्या वाजवल्या. मग शिपाईकाकांना बोलावलं, तर त्यांना चष्मा कुठे ठेवला ते आठवेना. पुढचा आठवडाभर सर पुस्तक हातभर लांब धरून शिकवत होते. शेवटी रसायनशास्त्राच्या कपाटात एका चंबूच्या मागे चष्मा सापडला. पण त्या आठवड्यात त्यांनी शिपाईकाकांना एका शब्दानं बोल लावला नाही. उलट म्हणायचे, बघा, काका अजून खरंच आठवायलेत, तोंड बघा त्यांचं.

आता आमच्याकडच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जत्रेत गावची पोरं नाटक करतात. बाईचं काम असेल तर बाहेरच्या कंपनीतली बाई बोलावतात, गावची मुलगी स्टेजवर चढत नाही. आणि नाटक ऐन रंगात आलं की नटाचे सोयरे आहेर घेऊन स्टेजवर चढतात. टॉवेल, टोपी, फेटा, ज्याची जशी ऐपत. माईकवर नाव पुकारलं जातं, नट हात जोडतो, फेटा बांधून घेतो, आणि मग नाटक सुटलं होतं तिथून पुढे चालू. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आहेर झाला नाही तर मात्र वाटतं.

सरांचं या आहेराशी जुनं वैर होतं. तरुणपणी करजगीकडच्या एका गावात त्यांनी खलनायकाचं काम केलं होतं. त्यांनी नायकाला गोळी घातली, नायक छातीवर हात ठेवून पडला, आणि तेवढ्यात नायकाचे सासरे आहेर घेऊन चढले. मेलेला उठून बसला. फेटा बांधून घेतला, सासऱ्यांच्या पाया पडला, फेटा बिघडणार नाही अशा बेतानं पुन्हा आडवा झाला आणि मेला.

"मी बंदूक धरून उभा," सर सांगायचे. "मेल्याला आहेर, मारनाऱ्याला कोन इचारतंय? हात दुखायला लागला तर बंदूक पडद्याच्या बांबूला टेकवून ठेवलो."

आम्ही पोट धरून हसायचो. एकदा हसणं संपल्यावर मी विचारलं, लोकही हसले असतील ना सर? ते म्हणाले, "हसले न्हाईत तंगी. तेच वाईट. त्यांना ते बरोबरच वाटलं. म्हणजे त्यांनी त्याला एकदाबी मेलेला समजलं नव्हतं."

मला सरांनी म्हातारीचं काम दिलं. एकांकिका त्यांचीच होती, अर्ध्या तासाची. एका म्हातारीचा मुलगा पुण्याला कामाला गेलाय. प्रत्येक सणाला ती त्याचं ताट वाढून बसते. शेजारीण येते, समजावून जाते. म्हातारी ताट झाकते आणि नाटक संपतं. मुलगा येतो की नाही ते नाटकात नव्हतं. आम्ही विचारलं तर सर म्हणाले, मला तरी कुठं माहीताय.

मी कमरेत वाकून, मान थरथरवत, आवाज कापरा करून पहिलं वाक्य म्हटलं.

"साकु."

दुसऱ्या दिवशीही साकु, तिसऱ्या दिवशीही. मला रडू यायचं, तर रडायलाही बंदी. सरांच्या मते रडायचं काम लोकांचं होतं. आपणच ते उरकून टाकल्यावर लोकांनी हात बांधून बसायचं का? शेवटी त्यांनी मला गावोगावच्या जीपा सुटतात त्या स्टँडवर बसायला पाठवलं. म्हाताऱ्या बायका बघून ये, म्हणाले. काय बघू, विचारलं तर, ते मला आधीच माहीत असतं तर तुला कशाला पाठवलो असतो.

मी बसले. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग एक बाई दिसली, गाठोडं घेऊन बसलेली, कुणीतरी न्यायला येणार होतं तिला. ती रस्त्याकडे बघतच नव्हती. ती गाठोड्याची गाठ सोडायची, पुन्हा बांधायची, पदरानं चप्पल पुसायची. जीपचा आवाज आला की एकदाच डोळे वर, आणि आपण बघितलं हे कुणाला कळू नये म्हणून लगेच गाठोड्याकडे. उठायच्या आधी तिनं जमीन चाचपली, मग गुडघा, मग खांब. म्हणजे उठणं डोक्यात आधी झालं, अंगात नंतर. ती वाकलेली नव्हती. होता होईल तेवढं ताठ उभं राहायचा तिचा प्रयत्न चालला होता आणि त्या प्रयत्नात तिचं वय दिसत होतं.

मी कॉलेजकडे अक्षरशः पळत गेले. सरांना सांगता सांगता मला धाप लागली होती. ते भिंतीकडे वळून बसले आणि म्हणाले, कर. मी केलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. भिंतीकडून काहीही आलं नाही. शेवटी ते वळले आणि डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्यापुढे सरकवली. सरांची शाबासकी एवढीच असायची, आणि ती मिळालेली मी त्या वर्षातली पहिली होते. ती चटणी इतकी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आलं, आणि या वेळी त्यांनी रडायला हरकत घेतली नाही.

मग ठरलं की हे नाटक गुलबर्ग्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत न्यायचं. मला तर रात्री झोप येईना. पण गुलबर्गा म्हणजे मुक्काम, आणि घरून नकार आला. आमच्या घरात बाबा बोलतच नाहीत, त्यांच्या वाटचं मामा बोलतो. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, शेजारच्याच गल्लीत राहतो. शेताच्या या बांधावरून बोलला तर त्या बांधावरचा बैल मान वळवतो असा त्याचा आवाज. कॉलेजला मला घालायचं त्यानंच ठरवलं होतं, त्यामुळे त्याला डावलून काही करणं शक्यच नव्हतं.

सर जीपनं आमच्या गावी आले. जेवणं झाली. मामानं विषय काढला. "पोरगी हुशार हाय सर, न्हाई म्हनत न्हाई. पर लोक हसले तर? तिकडं परक्या गावात कशाला, आधी हितं जत्रंत करून दावा. आपलं गाव हसलं न्हाई तर गुलबर्ग्याला खुशाल न्या. हसलं, तर नाटकाचं नाव पुन्हा काढू नगा."

गुलबर्ग्याची माणसं मला ओळखत नव्हती, त्यांना म्हातारी दिसली असती. आमच्या गावानं मला फ्रॉकमध्ये शेळीमागे पळताना बघितलेलं. त्यांना म्हातारी कुठून दिसणार? सरांचे डोळे मात्र चमकायला लागले. याच्यापेक्षा अवघड परीक्षा सापडणार नाही, म्हणाले, आणि आनंदानं आणखी एक भाकरी घेतली. फक्त एक अट घातली, नाटक चालू असताना आहेर नको. शेवटी काय ते करा.

मामाचा चेहरा पडला. "मामाचा आहेर न्हाई झाला तर लोक म्हनतील, हिच्या मागं कोन न्हाई. पहिल्यांदा गावची पोरगी उभी राहायली. तिला उघडी कशी सोडू?" सर म्हणाले, तिच्या मागं नको, तिच्या पुढं बसा. मामानं ताक मागितलं.

जत्रेच्या दिवशी मोठ्या कंपनीच्या नाटकाच्या आधी, दिवे लागायच्या वेळेला आम्हाला जागा मिळाली. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून केलेलं स्टेज. सरांनी मागे स्टोव्ह आणवला होता. ताटातलं वरण खरं, भाकरी खरी, आणि फोडणी पडदा उघडायच्या वेळेला द्यायची, म्हणजे वास आधी लोकांत जाईल. फोडणी द्यायला माझी कॉलेजातली मैत्रीण, जी शेजारणीचं काम करत होती. लसणाच्या धुरानं तिला इतका खोकला आला की पडदा थोडा उशिरा उघडला.

मी आले. बायकांच्या बाजूनं लगेच आवाज आला, आगं, ही तर आपली, आणि पुढे माझ्या आईचं नाव. पोरं फिदीफिदी हसली. सर माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसलेले, त्यांची नुसती मान दिसत होती. ती हलली नाही. मला त्या जीप स्टँडवरच्या बाईशिवाय काही आठवेना, म्हणून मी तिच्यासारखी नुसती कामं करत राहिले. जमीन चाचपली, बसले, ताट पुसलं. ताट आधीच स्वच्छ होतं, तरी पुसलं. हसणं हळूहळू कमी झालं. शेजारीण येऊन गेली. मी भाकरी वाढली, वरण वाढलं, आणि गाडीचा आवाज आल्यासारखे एकदाच डोळे वर केले.

समोरून मामा येत होता.

पांढरा फेटा, हातात थाळी, थाळीत हिरवं लुगडं. लोक वाट देत होते. ट्रॉलीला लावलेल्या स्टुलावर पाय ठेवून तो वर चढला. माईकवाल्याने सुरुवात केली, आपल्या गावच्या कन्येला मामांकडून, आणि मामा माझ्याकडे बघायला लागला, मी हात कधी जोडते म्हणून.

मी हात जोडले असते तर त्या क्षणाला म्हातारी संपली असती. लोक पुन्हा हसले असते, गुलबर्गा तिथेच गेलं असतं. आणि मी मामाला नाकारलं असतं तर सगळ्या गावादेखत त्याचा मान गेला असता, आणि त्याच्या डोळ्यांत तर त्या वेळी नुसती माया होती. यातून वाट कशी काढायची ते सरांनी मला शिकवलेलं नव्हतं. खरं सांगते, मी काही ठरवलं नाही. एवढंच झालं की माझं घर होतं, ताट वाढलेलं होतं, आणि दारात एक फेटेवाला माणूस काहीतरी घेऊन आला होता. अशा वेळी त्या बाईनं काय केलं असतं?

मी पदर डोक्यावर ओढला. गुडघ्यावर हात ठेवला, पण उठले नाही.

"कोन हो? पुन्याहून आलाव का?"

मामा थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"माझ्या लेकानं दिलंय का ते?"

माईकवाल्याचं पुढचं वाक्य आलंच नाही. आणि ज्याचा आवाज त्या बांधापर्यंत जातो तो मामा, पहिल्या रांगेलाही जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "व्हय आक्का."

मी लुगडं घेतलं. पोत बघितला, नाकाला लावून वास घेतला. "रंग चांगला निवडलाय. तो कामून न्हाई आला?"

"येतो म्हनलाय."

"कवा?"

मामानं फेट्याचा लोंबता शेमला हातात घेतला आणि सोडला. "येतो म्हनलाय आक्का," एवढंच पुन्हा म्हणाला. मग तो माझ्याकडे पाठ न करता, पाय मागे मागे टाकत गेला आणि स्टूल चाचपत खाली उतरला. मी लुगडं ताटाशेजारी ठेवलं, ताटावर दुसरं ताट झाकलं, आणि नाटक जिथं संपायचं तिथं संपलं. अख्ख्या मैदानात दूरच्या पाळण्याचा कर्रकर्र आवाज तेवढा येत होता. मग टाळ्या आल्या त्या थांबेचनात.

पडदा पडला तशी मी सरांकडे धावले. मला वाटलं, आज ते काहीतरी म्हणतील. पण ते माझ्या बाजूनं तसेच पुढे गेले. मामा ट्रॉलीच्या चाकाजवळ फेटा काढून उभा होता. सरांनी त्याचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही खोटं कामून बोललाव?" सरांनी अगदी उत्सुकतेनं विचारलं. "आहेर तुमचा. तुमच्या भाचीला पोरगा न्हाईच. व्हय कामून म्हणलाव?"

"मग काय म्हनू?" मामा चिडूनच म्हणाला. "ताट वाढून बसली ती. त्या बाईला कसं सांगू, त्यानं काय पाठवलं न्हाई म्हनून?"

मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सर म्हणाले, मग गुलबर्ग्याचं कसं? गाव तर शेवटी हसलं न्हाई. मामा म्हणाला, ठरलं ते ठरलं, न्या. आणि मग फेटा झटकत, थोडं चाचरत, "मला बी यावं लागंल."

"पोरीची काळजी नका करू. बाई शिक्षिका हायेत सोबत."

"पोरीचं न्हाई ओ. तिथं लुगडं कोन आनून देनार?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग हळूच विचारलं, "तिथं तिनं दुसरंच काही इचारलं तर? तुम्हाला उत्तर यायला पायजे."

"इचारू द्या की," मामा म्हणाला. "लेकाची खबर मला न्हाई तर कुनाला असनार?"

सरांनी त्याला हाताला धरून ट्रॉलीच्या कडेवर बसवलं, स्वतः खाली मातीत बसले, आणि विचारायला लागले. कुठं असतो तो पुण्यात? काम काय करतो? मामा सांगायला लागला. कंपनीत आहे, पाळीचं काम, खोली लांब, मालक तिरसट, सुट्टी देत नाही. खायचे हाल आहेत, पण आईला कळवू नका म्हणालाय. सर एकटक त्याच्या तोंडाकडे बघत होते. आणि मी, अंगावर अजून म्हातारीचं पातळ, बाजूला उभी राहून माझ्या लेकाची खबर ऐकत होते.